ग्रंथालयाचा माहितीसाठा आणि आज्ञावलीची भाषा

गेल्या दहा वर्षांत कोणते ग्रंथ एकदाही वाचकाच्या हाती गेले नाहीत, असा प्रश्न ग्रंथपालापुढे अधूनमधून उभा राहतो. फडताळांत जागा उरली नाही, की अशाच ग्रंथांवर बाद होण्याची पाळी येते. पूर्वी यासाठी देवघेव विभागाच्या नोंदी एकेक करून चाळाव्या लागत. आता त्या संगणकात असतात आणि त्यांतून उत्तर शोधून देणारी आज्ञावली कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात लिहून देते. ती कोणत्या भाषेत लिहवून घ्यावयाची, हे मात्र ग्रंथपालालाच ठरवावे लागते.

‘कोहा’ या प्रणालीचे उदाहरण घेऊ. न्यूझीलंडमधील होरोफेनुआ येथील ग्रंथालयांसाठी १९९९ मध्ये तिची निर्मिती सुरू झाली व जानेवारी २००० मध्ये ती वापरात आली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. ती विनामूल्य असल्याने भारतातही अनेक ग्रंथालयांनी तिचा स्वीकार केला आहे. ही प्रणाली मुख्यतः पर्ल या भाषेत लिहिलेली आहे; म्हणून तिच्याकडून नवे काम करून घ्यावयाचे तर पर्लच हवी, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो बरोबर नाही. तिच्या नोंदी ज्या माहितीसाठ्यात असतात, त्याच्याशी एस्क्यूएल या भाषेत थेट व्यवहार करता येतो. आय.बी.एम.च्या संशोधकांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या भाषेत काय हवे एवढेच सांगावयाचे असते; ते कसे शोधावे हे माहितीसाठा स्वतः ठरवितो. आपला प्रश्न त्यामुळे आठ-दहा ओळींत मावतो.

यातील खरी अडचण वेगळीच आहे. कोहामध्ये सध्या वाचकांकडे असलेल्या ग्रंथांची नोंद ‘इश्यूज’ या तक्त्यात असते. ग्रंथ परत आला, की ती नोंद तेथून निघून ‘ओल्ड इश्यूज’ या दुसऱ्या तक्त्यात जाते. समजा, कृत्रिम बुद्धिमत्तेने केवळ पहिलाच तक्ता पाहिला. आज्ञावली विनातक्रार चालेल, यादीही सुबक येईल. पण शेकडो वेळा वाचला गेलेला आणि आज योगायोगाने फडताळात असलेला ग्रंथ तीत ‘कधीही न नेलेला’ म्हणून दाखल होईल आणि कदाचित रद्दीत जाईल! एस्क्यूएलच्या आठ-दहा ओळींत दुसऱ्या तक्त्याचे नाव नाही, हे थोड्या सरावाने ध्यानात येते. पायथनच्या दोनशे ओळींत तीच चूक सहज दडून राहते.

पायथन त्याज्य आहे, असे नव्हे. सभासदांना स्मरणपत्रे पाठविणे, रोज सकाळी तीच यादी आपोआप तयार करणे, यांसाठी १९९१ पासून प्रचारात असलेली ही भाषा सोयीची आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता ती सफाईने लिहिते. परंतु कोहाच्या अहवाल विभागात एस्क्यूएलने नोंदी फक्त वाचता येतात, पुसता येत नाहीत. बाहेरून पूर्ण अधिकारानिशी जोडलेल्या पायथनच्या आज्ञावलीला असे कुंपण नसते. पुसण्याच्या आज्ञेत अट घालावयाची राहिली, तर सबंध तक्ता रिकामा होतो. म्हणून अशा आज्ञावलीला केवळ वाचनाचा अधिकार असलेले स्वतंत्र खाते द्यावे.

यादी हाती आली, की तीतील पाच-दहा ग्रंथ फडताळातून काढून पाहावेत. जेथे तारखांचे शिक्के अजून मारले जातात, तेथे पुस्तकात चिकटविलेली चिठ्ठी तपासण्यास फार वेळ लागत नाही.