मूळ छायाचित्र आणि त्याच्या लहान प्रती

डिजिटल छायाचित्राला तीन वेगवेगळी मापे असतात आणि फोटो लहान करताना होणारे बहुतेक घोटाळे या तिन्हींची गल्लत झाल्यामुळेच होतात. पहिले माप पिक्सेलचे. पिक्सेल म्हणजे चित्रातला सर्वांत लहान ठिपका. अशा प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा या रंगांची तीव्रता सांगणारे तीन आकडे नोंदलेले असतात. मोबाइलवर काढलेला फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असेल, तर त्यात १ कोटी २० लाख ठिपके असतात आणि त्यालाच १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणतात. दुसरे माप फाइलच्या वजनाचे, म्हणजे केबी आणि एमबीचे. वर सांगितलेले सगळे आकडे जसेच्या तसे साठवले, तर फाइल सुमारे ३६ एमबीची होईल. प्रत्यक्षात ती काही एमबींतच मावते, कारण जेपेग ही पद्धत माहिती आक्रसून साठवते. तिसरे माप कागदावरचे, इंचांचे, आणि ते चित्राच्या अंगी मुळात नसतेच. तेच ४००० ठिपके एका इंचात ३०० या प्रमाणात छापले, तर चित्र सव्वातेरा इंचांच्या आसपास रुंद होते आणि २०० या प्रमाणात छापले, तर २० इंच. फाइलमध्ये लिहिलेला डीपीआयचा आकडा ही छपाईयंत्रासाठीची निव्वळ सूचना असते. तो बदलल्याने चित्रातला एकही ठिपका कमीजास्त होत नाही.

या मापांशी सर्वसामान्य माणसाची गाठ बहुधा ऑनलाइन अर्ज भरताना पडते. बँकांतील भरतीसाठी परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या अर्जात उमेदवाराचा फोटो शक्यतो २०० बाय २३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबी वजनाचा असावा, अशी सूचना असते. म्हणजे येथे दोन अटी एकाच वेळी पाळायच्या असतात, शिवाय एक तिसरी अट न सांगता लागू होते, ती लांबी-रुंदीच्या प्रमाणाची. उभ्या धरलेल्या मोबाइलचा फोटो ३००० बाय ४००० पिक्सेलचा असतो आणि हे प्रमाण अर्जातल्या चौकटीपेक्षा उंच असते. तो तसाच २०० बाय २३० मध्ये बसवला, तर चेहरा वरून दाबल्यासारखा बसका आणि रुंद दिसतो. योग्य क्रम असा, की आधी क्रॉप करावे, म्हणजे चित्राचा अनावश्यक भाग कापून ते ३००० बाय ३४५० करावे, आणि मगच त्याचे आकारमान घटवावे. येथे हिशेब नेमका जुळतो: दोन्ही बाजू बरोबर पंधरा पटींनी कमी होतात आणि चेहऱ्याची ठेवण बिघडत नाही. एवढ्या लहान चित्राची फाइल पुष्कळदा २० केबीच्याही खाली उतरते, तेव्हा पिक्सेल वाढवण्याचे कारण नसते. सेव्ह करताना दिसणारी गुणवत्तेची पट्टी वर सरकवली, की वजन वाढते.

पंधरा पटींनी चित्र लहान होते, तेव्हा मूळच्या २२५ ठिपक्यांच्या जागी एकच ठिपका उरतो आणि तो कसा ठरवायचा, हा या विषयातला सर्वांत रंजक भाग आहे. दर पंधराव्या ठिपक्याला ठेवून बाकीचे टाकून देणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट रीत होय. फोटोतल्या व्यक्तीने बारीक चौकड्यांची इरकल साडी नेसली असेल, तर या रीतीने काही रेषा साफ नाहीशा होतात, आणि उरलेल्यांमधून साडीवर मुळात नसलेले लाटांसारखे पट्टे उमटतात. त्यांना मोआरे असे म्हणतात. म्हणून चांगली सॉफ्टवेअर आसपासच्या सर्व ठिपक्यांची भारित सरासरी काढतात. बायक्युबिक आणि लँक्झोस ही मेनूमध्ये आढळणारी नावे अशा सरासरीच्या गणिती पद्धतींचीच आहेत. सरासरीमुळे कडा किंचित मऊ पडतात, त्यामुळे आकार घटवल्यानंतर थोडे शार्पनिंग करणे, म्हणजे कडांवरचा उजेड-अंधाराचा फरक ठळक करणे, हितावह असते. ते आधी केले, तर वाया जाते. याच्या उलट प्रवास मात्र शक्य नाही. २०० पिक्सेलच्या चित्राचे पुन्हा ३००० पिक्सेल करताना सॉफ्टवेअर मधल्या मूल्यांचा केवळ अंदाज बांधते, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने जो रेखीव तपशील भरतात, तो त्या क्षणी तेथे होता, अशी कोणतीही हमी नसते. घरातल्या दिवंगत माणसाच्या चेहऱ्याबाबत हा फरक फार मोठा आहे.

जेपेगचे आक्रसणेही असेच एका दिशेचे आहे. १९९२ साली मान्य झालेल्या या मानकाच्या मुळाशी असलेली गणिती युक्ती १९७४ मध्ये मूळचे बंगळूरचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह प्रसिद्ध केली होती. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातले सावकाश बदलणारे भाग आणि झपाट्याने बदलणारे बारकावे वेगळे केले जातात, आणि डोळ्यांना सहज न जाणवणारे बारकावे ढोबळ केले जातात किंवा गाळले जातात. एकदा असे करण्यात काही बिघडत नाही. परंतु तीच फाइल उघडून, थोडी कापून, थोडी उजळून पुन्हा जेपेगमध्ये सेव्ह केली आणि हे अनेकदा घडले, तर प्रत्येक वेळी नवी गाळणी लागते आणि आकाशाच्या निळाईत चौकोन, तर अक्षरांच्या कडेला मळकट ठिपके दिसू लागतात.

फिल्मच्या काळात फोटो स्टुडिओ निगेटिव्ह जपून ठेवत आणि गिऱ्हाइकाला हव्या त्या आकाराची प्रिंट तिच्यावरून काढून देत. प्रिंटवर काहीही केले, तरी निगेटिव्ह अबाधित राही. डिजिटल फाइलमध्ये हे अंतर आपोआप राहत नाही, कारण आकार घटवून 'सेव्ह' दाबताच लहान चित्र त्याच नावाने मूळ चित्राच्या जागी बसते. म्हणूनच 'सेव्ह अ‍ॅज' किंवा 'एक्स्पोर्ट' हाच मार्ग धरणे आवश्यक ठरते.

२००७ मध्ये बाजारात आलेल्या अ‍ॅडोबीच्या लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरने हे अंतर पुन्हा निर्माण केले. येथे मूळ फाइलला हात लागत नाही. उजेड किती वाढवला, कोठे कापले, याच्या केवळ सूचना कॅटलॉग नावाच्या नोंदवहीत लिहिल्या जातात आणि पडद्यावर त्या लागू करून दाखवल्या जातात. एकाच फोटोची रंगीत आणि कृष्णधवल अशी दोन रूपे हवी असल्यास 'व्हर्च्युअल कॉपी' करता येते, जी डिस्कवर नवे चित्र न बनवता नोंदवहीत दुसरी नोंद करते. पिक्सेलची संख्या ठरते ती थेट एक्स्पोर्टच्या वेळी. विनामूल्य मिळणारे डिजिकॅम वेगळी वाट धरते: ते संपादित प्रत मूळ फाइलच्या शेजारी नव्या नावाने ठेवते आणि दोन्हींना एका गटात बांधते. फोटोशॉप एलिमेंट्समधील 'व्हर्जन सेट' हीसुद्धा अशीच मोट आहे.

सोयीबरोबर येथे एक परावलंबित्वही येते आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. कॅटलॉगमध्ये फोटो नसतात, तर त्यांचे पत्ते असतात. सॉफ्टवेअरच्या बाहेर जाऊन फोल्डरचे नाव बदलले, की पत्ता चुकतो आणि फोल्डरपुढे प्रश्नचिन्ह उमटते. फोटोंची दुसरी प्रत ठेवली, पण कॅटलॉगची ठेवली नाही, तर संगणक बिघडताच सगळ्या व्हर्च्युअल कॉपी जातात. भारतातही घरोघरी वापरले गेलेले पिकासा गूगलने २०१६ मध्ये थांबवले. त्यात केलेल्या ज्या सुधारणा सेव्ह केल्या नव्हत्या, त्या पिकासाबाहेर दिसतच नसत. त्यामुळे माणसांची, गावांची आणि प्रसंगांची नावे एक्सएमपी या खुल्या पद्धतीने शक्य तेथे फाइलमध्येच लिहून ठेवणे शहाणपणाचे आहे.

नावे देण्यात फार कल्पकता नको. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख, मग प्रसंग आणि अनुक्रमांक असे नाव असले, की कोणत्याही यंत्रावर फाइली काळाच्या ओळीत लागतात; लहान प्रतीच्या नावाअखेर तिचा उपयोग किंवा रुंदी जोडावी, उदाहरणार्थ 'अर्ज' किंवा '१६००', आणि अशा प्रतींचे फोल्डर मूळ फोटोंपासून वेगळे असावे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो या मूळ फोल्डरात मिसळू देऊ नयेत, कारण फोटो म्हणून पाठवताना ते अ‍ॅप सहसा पिक्सेल घटवते आणि काढल्याची तारीख व ठिकाण सांगणारी माहितीही वगळते. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, तर जशीच्या तशी पोहोचते. लग्नाच्या अल्बमसाठी १२ बाय १८ इंचांचे पान इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात छापायचे, तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, आणि ती गरज व्हॉट्सअ‍ॅपवरची प्रत भागवू शकत नाही.

जागा कमी पडू लागली, तर अर्जासाठी किंवा पाठवण्यासाठी केलेल्या लहान प्रती बिनदिक्कत पुसाव्यात, कारण मूळ फाइल असेपर्यंत त्या केव्हाही नव्याने काढता येतात. जुन्या फाटक्या फोटोचे स्कॅन करून त्यावरचे डाग तासन्‌तास बसून काढलेली प्रत मात्र मूळ फाइलइतकीच जपण्यासारखी असते आणि ती जेपेगऐवजी टिफमध्ये, म्हणजे काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात, ठेवणे इष्ट.