ब्लॅक मेटल संगीतातील अभिजात वाद्ये

पाश्चात्त्य ‘हेवी मेटल’ या कर्णकठोर संगीतप्रकाराच्या ब्लॅक मेटल शाखेत पाश्चात्त्य वाद्यवृंदातील किंवा भारतीय रागसंगीतातील वाद्यांचा मेळ घालण्याचा प्रयोग. या शाखेचे नाव व्हेनम या इंग्लिश गटाच्या १९८२ मधील ध्वनिमुद्रिकेवरून रूढ झाले. तिचे परिचित रूप मात्र १९९० नंतरच्या काही वर्षांत नॉर्वेमध्ये घडले. विद्युत् गिटारीच्या तारेवर अतिजलद व अखंड आघात, ढोलांची तितकीच द्रुत गती, किंकाळीसारखा कंठस्वर आणि हेतुतः ओबडधोबड ठेवलेले ध्वनिमुद्रण ही तिची लक्षणे होत. मृत्यू, अंधार व ख्रिस्ती धर्माला विरोध हे तिचे काव्यविषय. नॉर्वेतील काही वादकांनी चर्चवास्तू जाळल्यामुळे ती कुप्रसिद्धही झाली.

एम्परर या नॉर्वेजियन गटाने १९९४ च्या ध्वनिमुद्रिकेत तंतुवाद्यांच्या समूहाचा आभास पेटीवाद्यातून निर्माण केला. डिम्मू बोर्गिर या गटाने २००३ मध्ये प्राग येथील प्रत्यक्ष वाद्यवृंद वापरला. येथे व्हायोलिनांचे काम बहुधा भरणाचे असते. एखाद्या वाद्याचे व्यक्तित्व क्वचितच उमटते.

भारतीय वाद्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मुंबईच्या डिमॉनिक रेझरेक्शन (स्थापना २०००) या ब्लॅक व डेथ मेटल मिश्र शैलीच्या गटाने २०१७ मध्ये दशावतार ही ध्वनिमुद्रिका काढली. तीत मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारावर एक, अशा दहा रचना असून भारतीय संगीताचे अंश मेटलच्या घडणीत गुंफले आहेत.

ध्वनिशास्त्रदृष्ट्या दोहोंत एक अनपेक्षित साम्य आहे. सितार व तानपुरा यांची तार रुंद घोडीला घासत कंप पावते, त्यामुळे उपस्वरांची समृद्धी, म्हणजे जवारी, निर्माण होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये या घोडीचे विवेचन केले होते. गिटारीचा ध्वनी विद्युत् साधनांनी विरूप केला असताही उपस्वरच वाढतात. म्हणून षड्ज-पंचमाचा अखंड गुंजारव दोन्हींना मानवतो. अडचण पुढे येते. विरूपित गिटारीवर गांधारयुक्त स्वरमेळ घेतला, तर स्वर एकमेकांवर आदळून कर्कश होतात. शिवाय गिटारीचा समविभागी शुद्ध गांधार ४०० सेंट, तर तानपुऱ्यातून उमटणारा स्वयंभू गांधार सु. ३८६ सेंट; हा १४ सेंटांचा फरक सरावलेल्या कानास खुपतो. सितारीची मींड तर या गदारोळात बुडूनच जाते. पखवाजाची शाई त्याला निश्चित स्वर देते. मिनिटाला दोनशेहून अधिक मात्रांच्या ढोलवादनात तो स्वर ऐकू येण्यास अवकाशच उरत नाही. परिणामी अनेक रचनांत भारतीय वाद्य आरंभी वा मध्यंतरी, गिटारी थांबल्यावरच वाजते. याला मेळ म्हणण्यापेक्षा शेजार म्हणणे योग्य.

उपर्युक्त ध्वनिमुद्रिकेचा विषय पौराणिक आहे; सिंधुदुर्गाच्या दशावतार या लोकनाट्याशी तिचा संबंध नाही. तथापि परके वाद्य आपलेसे कसे होते, हे पाहण्यास ते लोकनाट्य उद्बोधक आहे. मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांत जत्रेच्या रात्री देवळाच्या प्रांगणात ते होते. साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज एवढीच वाद्ये. यांपैकी पायपेटी मुळात यूरोपीय. हार्मोनियमचे एकस्व पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ यांनी १८४२ मध्ये घेतले. तिचे स्वरही समविभागीच. तरी ती येथे परकी वाटत नाही, कारण तिला निश्चित काम नेमून दिलेले आहे : नटाच्या पदाला आधारस्वर देणे व संवाद थांबताच प्रसंग सांभाळणे. पात्राचा प्रवेश व युद्ध पखवाज आणि झांज उभे करतात. संवाद पाठ केलेले नसतात. त्यामुळे वादकाला नटाच्या तोंडाकडे पाहूनच वाजवावे लागते. पूर्वरंगातील संकासुर वेद चोरणारा असुर. पण तो मालवणीत बोलून प्रेक्षकांना हसवतो. ब्लॅक मेटलचे वादक प्रेतासारखा चेहरा रंगवतात, पण तेथे हास्यास जागा नसते. रौद्र व भयानक रसांची निर्मिती संकासुराच्या खेळात तीन वाद्यांवर भागते, आणि त्यांच्या मधल्या शांततेत झांजेचा शेवटचा नादही ऐकू येतो.