मालीचे खेळाडू नवी मुंबईत

पश्चिम आफ्रिकेत माली नावाचा देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही. उत्तरेस सहारा वाळवंट पसरलेले आहे. जुन्या हस्तलिखितांसाठी प्रसिद्ध असलेले तिंबक्तू शहर याच देशात आहे. तेथील लोकांना फुटबॉलचे भारी वेड!

मुलांनो, या देशाचे खेळाडू आपल्या महाराष्ट्रात येऊन गेले आहेत. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा भारतात झाली. तिचे काही सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळले गेले.

मालीचा संघ आफ्रिकेचा विजेता म्हणून आला होता. पण ६ ऑक्टोबरला पहिलाच सामना तो पॅराग्वेकडून ३-२ असा हरला. मुले खचली नाहीत. तीन दिवसांनी त्याच मैदानावर त्यांनी तुर्कस्तानला ३-० असे हरवले. पुढे दिल्लीत न्यूझीलंडला, गोव्यात इराकला आणि गुवाहाटीत घानाला हरवून संघ उपांत्य सामन्यासाठी पुन्हा नवी मुंबईत आला.

२५ ऑक्टोबरला समोर स्पेन होता. मध्यंतरापर्यंत स्पेनने दोन गोल केले. उत्तरार्धात मालीच्या दूकूरेने दुरून जोरदार फटका मारला. चेंडू आडव्या खांबाला लागून गोलरेषेच्या आत पडला आणि बाहेर उसळला. पंचांनी गोल दिला नाही. रेषेवर नजर ठेवणारे यंत्र त्या स्पर्धेत नव्हते. थोड्याच वेळात स्पेनने तिसरा गोल केला. तरीही माली थांबला नाही. एनदियायेने एक गोल केलाच. सामना मात्र ३-१ असा हातचा गेला. शेवटी ब्राझीलकडूनही हरल्यामुळे संघ चौथा आला.

२०२३ साली मालीच्या मुलांनी याच स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. मोठ्यांचा संघ मात्र २०२६ पर्यंत एकदाही विश्वचषकाला पात्र ठरलेला नाही. १९७२ साली तो आफ्रिका चषकात उपविजेता होता. २०१२ व २०१३ साली तिसरा आला. २०२२ पर्यंत पन्नासहून अधिक आफ्रिकी देशांसाठी विश्वचषकात पाचच जागा होत्या. त्यामुळे चांगले संघही मागे राहत.

विजेत्यांची नावे कपावर कोरली जातात. पण न मिळालेल्या गोलानंतरही धावत राहणारी ती मुले आठवणीत ठेवण्यासारखी आहेत.

स्वाध्याय
१. मालीचा संघ नवी मुंबईत कोणाकोणाशी खेळला?
२. दूकूरेचा गोल का मोजला गेला नाही?
३. तुमच्यावर खेळात अन्याय झाला तर तुम्ही काय कराल? पाच ओळी लिहा.