थांबलेल्यांची मोजणी

टर्मिनलवर अपटाइम ही आज्ञा दिली की एकाच ओळीत उत्तर येतं: मशीन किती दिवस चालू आहे, किती जण लॉगिन आहेत, आणि शेवटी तीन आकडे. हे तीन आकडे म्हणजे लोड अ‍ॅव्हरेज, अनुक्रमे एक, पाच आणि पंधरा मिनिटांचा. लिनक्सपेक्षा ही पद्धत पुष्कळ जुनी आहे. पीडीपी-१० यंत्रांवर चालणाऱ्या टेनेक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोडची जुलै १९७३ची आकडेवारी आरएफसी ५४६ या दस्तऐवजात छापलेली आहे. पन्नास वर्षं उलटली तरी क्लस्टर सांभाळणारा माणूस सकाळी सगळ्यात आधी याच आकड्यांकडे बघतो.

लोड म्हणजे सीपीयू किती टक्के वापरात आहे ते, अशी समजूत सर्रास आढळते. प्रत्यक्षात लोड टक्केवारी सांगत नाही, माणसं मोजावीत तशी डोकी मोजतो. बँकेत काउंटरवर ज्यांचं काम चालू आहे ते आणि त्यांच्यामागे रांगेत उभे असलेले, सगळे मिळून जितके भरतील तितका लोड. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, दर पाच सेकंदांनी प्रोसेसची अशी मोजणी करतो आणि जुन्या सरासरीत नवा आकडा थोडा थोडा मिसळत जातो. त्यामुळे ‘एक मिनिटाचा’ हा आकडा खरोखरच्या एका मिनिटापुरता नसतो. रिकाम्या मशीनवर सतत चालणारं एकच काम सुरू केलं, तर मिनिटाभरानं तो ०.६२च्या आसपास पोहोचलेला दिसतो. जुन्या काळाची सावली त्यात बराच वेळ रेंगाळते.

लिनक्सनं यात एक मोठा बदल केला. १९९३ साली मथियास उर्लिक्स यांनी सुचवलेल्या दुरुस्तीमुळे, डिस्कच्या उत्तरासाठी अडकून पडलेल्या प्रोसेसही या मोजणीत येऊ लागल्या. टॉप या आज्ञेच्या यादीत ज्यांच्यापुढे ‘डी’ हे अक्षर दिसतं, त्या याच. म्हणून सामायिक फाइल सिस्टिम अडकली की विचित्र दृश्य दिसतं: लोड तीनशेवर आणि सीपीयू जवळजवळ मोकळा. नवा माणूस अशा वेळी प्रोसेसरवर संशय घेतो. अनुभवी माणूस थेट स्टोरेजकडे वळतो.

एका मशीनचं हे झालं. क्लस्टरमध्ये अशी शेकडो, कधी हजारो मशीन एकत्र जोडलेली असतात; त्यांतलं प्रत्येक म्हणजे एक नोड. नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ साली थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे साधे पीसी जोडून बेओवुल्फ हा क्लस्टर उभा केला, तो सोळा नोडांचा होता. तेवढे नोड एकेक करून बघता येतात, हजार नाही. त्यासाठी लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत पीडीएसएच हे साधन तयार झालं. लॉगिन नोडवर एकदा आज्ञा द्यायची, ते ती सगळ्या नोडांना पाठवतं. वेगळं काही सांगितलं नाही तर एका वेळी बत्तीस नोड हाताळतं. उत्तरं येतील तशी, आधीची मागे नि मागची पुढे अशी छापली जातात.

माझ्या मते या साधनापेक्षा त्याचा जोडीदार डीएसएचबॅक अधिक मोलाचा आहे. ज्या नोडांची उत्तरं हुबेहूब सारखी असतील, त्यांना तो एका गटात बांधतो. सगळ्या नोडांना विचारा, तुमच्याकडे एकूण रॅम किती? एरवी हजार ओळी वाचाव्या लागल्या असत्या, आता दोन गट समोर येतात. पहिल्यात जवळजवळ सगळे नोड, दुसऱ्यात एकच, त्याची रॅम इतरांपेक्षा थोडी कमी. त्याचं मेमरी मॉड्यूल गेलेलं असतं. तो नोड बंद पडलेला नसतो, त्यानं तक्रारही केलेली नसते. नुसता तो नोड बघितला असता तर तो आकडा कुणाला खटकला नसता. शेजाऱ्यांशी ताडून पाहिल्यावर तो उघडा पडतो. क्लस्टर बघण्याचं सारं कसब या ताडून पाहण्यात आहे.

लोडचे आकडे दशांशात असल्यानं असे गटात बसत नाहीत, ते चढत्या क्रमानं लावून घ्यायचे. समजा प्रत्येक नोड ४८ कोअरचा आहे आणि सगळ्यांवर जॉब चालू आहेत. लोड ४८च्या जवळ, म्हणजे ठीक. ९६ असेल तर बहुधा कुणीतरी प्रत्येक कोअरवर दोन थ्रेड चढवले आहेत आणि ते एकमेकांच्या पायात पाय घालताहेत. १ असेल तर कुणी आख्खा नोड मागून त्यावर एकाच कोअरचा प्रोग्रॅम चालवला आहे. शून्य असेल आणि जॉब मात्र कागदोपत्री चालू असेल, तर तो केव्हाच मेलेला असू शकतो. नोडांवर जॉब वाटून देणाऱ्या स्लर्म या प्रणालीत एसइन्फो या आज्ञेला योग्य पर्याय दिले की नोडाचं नाव, लोड आणि मोकळी मेमरी एकाच तक्त्यात येतात, आणि असे नोड डोळ्यांत भरतात.

मेमरीचं वाचन याहून नाजूक. मोकळी रॅम लिनक्स पडून राहू देत नाही. वाचलेल्या फाइली तिथे साठवतो आणि गरज पडली की ती जागा परत देतो. म्हणून फ्री या आज्ञेतला ‘फ्री’चा रकाना अगदी लहान दिसला तरी घाबरायचं कारण नसतं. बघायचा तो शेवटचा, ‘अव्हेलेबल’चा. हा अंदाज कर्नल स्वतः देऊ लागला तो २०१४ साली, ३.१४ या आवृत्तीपासून. त्याआधी प्रत्येक जण बेरजा-वजाबाक्या करून तो काढायचा, आणि अनेकदा चुकीचा काढायचा. स्लर्म दाखवतो ती दिलेली मेमरी आणखी वेगळी: ती जॉबला मंजूर झालेली असते, प्रत्यक्ष वापर कमी असू शकतो. मेमरी खरोखर संपली तर कर्नलचा ओओएम किलर एखादी प्रोसेस निवडून मारतो. सीपीयूसाठी रांग लावता येते, मेमरीसाठी फार काळ नाही.

सर्वांत फसवा आकडा मात्र आदर्श दिसणारा लोड. उदाहरण हवामानाचं घेऊ. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत जानेवारी २०१८मध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक राष्ट्रार्पण झाला, चार पेटाफ्लॉप्स क्षमतेचा क्रे एक्ससी४०. अशा यंत्रावर हवामानाचं प्रारूप चालतं तेव्हा पृथ्वीचे तुकडे करून ते कोअरांना वाटलेले असतात. काळाच्या प्रत्येक टप्प्यावर शेजारच्या तुकड्यांना कडेचे आकडे एकमेकांना द्यावे लागतात. एक तुकडा मागे पडला की शेजारी खोळंबतो, मग त्याचा शेजारी. पण एमपीआय या निरोपांच्या देवाणघेवाणीच्या पद्धतीवर चालणारी प्रोसेस बहुतेक वेळा झोपून वाट बघत नाही. निरोप आला का, निरोप आला का, असं अखंड विचारत राहते, आणि कर्नलच्या लेखी ती कामात असते. सगळ्या नोडांवर लोड ४८, सीपीयू शंभर टक्के, आणि त्यातले बहुतेक एकाच मंद नोडासाठी ताटकळलेले. आकडे आदर्श दिसतात, जॉब पुढे सरकत नाही. मंद नोड इतरांइतकाच व्यग्र दिसतो, त्यामुळे तो लोडमध्ये सापडत नाही. त्याच्या प्रोसेसरची वारंवारता, तापमान, रॅम अपुरी पडल्यावर डिस्कवरच्या स्वॅपचा वापर एकेक करून इतरांशी ताडावा लागतो.

लॉस अलामोस प्रयोगशाळेत एएससीआय क्यू या महासंगणकावर नेमका असाच पेच पडला होता. फॅब्रिझिओ पेट्रिनी, डॅरेन कर्बिसन आणि स्कॉट पाकिन यांनी २००३ साली त्याचा शोध प्रसिद्ध केला. प्रत्येक नोडावर चार प्रोसेसर होते, पण सेज हा प्रोग्रॅम चारांऐवजी तीनच वापरले तर जास्त वेगानं धावायचा! चौथा मोकळा राहिला की नोडावरची किरकोळ कामं तिथे उरकली जात. ती कामं अगदी थोडा वेळ घेत, पण प्रत्येक नोडावर वेगवेगळ्या क्षणी. दर वेळी कुणीतरी एक थांबायचा आणि त्याच्यासाठी हजारो प्रोसेसर. त्या किरकोळ कामांत क्लस्टरवर देखरेख ठेवणारी सेवाही होती. संशोधकांनी पार्श्वभूमीत चालणारे अनावश्यक डीमन काढून टाकले, काही एकाच नोडावर हलवले आणि देखरेखीचा अवधी तीस सेकंदांवरून साठ केला. सेजचा वेग जवळपास दुप्पट झाला. म्हणूनच जाणकार प्रशासक चालू जॉबच्या नोडांना दर सेकंदाला प्रश्न विचारत नाहीत.

अलीकडे कर्नलनं थांबण्याचाच वेळ मोजायला घेतला आहे. फेसबुकमध्ये योहानस वाइनर यांनी केलेलं पीएसआय हे काम २०१८च्या अखेरीस ४.२० आवृत्तीत आलं. प्रॉकमधल्या प्रेशर या फोल्डरात सीपीयू, मेमरी आणि आयओ यांच्या फाइली असतात. मेमरीच्या फाइलमध्ये ‘सम’ आणि ‘फुल’ अशा दोन ओळी: पहिली सांगते की निदान एक तरी काम मेमरीअभावी अडून होतं असा वेळ किती टक्के, दुसरी सांगते की सगळीच कामं अडली होती असा वेळ किती. दहा सेकंद, एक मिनिट आणि पाच मिनिटांच्या सरासऱ्या शेजारी लिहिलेल्या असतात. हीच फाइल पीडीएसएचनं सगळ्या नोडांवरून वाचून ‘फुल’च्या ओळी क्रमानं लावल्या, तर कुठला नोड स्वॅपमध्ये बुडतोय ते ओओएम किलर जागा होण्याआधी कळतं, आणि तो नोड ड्रेन करून नवे जॉब तिथे जाण्यापासून रोखता येतात.