डीव्हीडीवर बॅकअप घेताना गाडी मध्येच का अडते?



बॅकअपचा विषय निघाला की मला एक फ्लेक्स प्रिंटिंगवाले दादा आठवतात. दुकानातल्या कॉम्प्युटरची अख्खी इमेज त्यांनी सहा डीव्हीडींवर घेऊन ठेवली होती. हार्ड डिस्क गेली, तेव्हा निवांत होते. पण रिस्टोअर करताना चौथी डिस्क वाचलीच जाईना. मला फोनवर विचारतात, "सर, बाकीच्या पाच तर चांगल्या आहेत ना?" त्या पाचांचा काही उपयोग नव्हता.

कारण समजून घ्या. इमेज म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम, डेटा सगळं दाबून बसवलेली एकच मोठी फाइल. ती सहा डिस्कवर गेली तरी तुकडे एकाच फाइलचे. एक तुकडा गेला की बहुतेक सॉफ्टवेअर तिथेच थांबतं. साध्या कॉपी केलेल्या फायली असत्या, तर पाच डिस्कवरचा माल तरी वाचला असता.

आता तुमची गाडी नेमकी कुठे अडते ते बघू. सगळ्यात जास्त घोळ होतो तुकड्याच्या साइजमध्ये. डीव्हीडीच्या पाकिटावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, म्हणून आपण तुकड्याची साइज ४.७ टाकतो. पण कंपनी १००० च्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. तीच डिस्क विंडोजमध्ये साधारण ४.३८ जीबीच दिसते! मग तुकडा बसणार कसा? त्यात पुन्हा फॅट३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीची फाइल मावत नाही. म्हणून सरळ ४००० एमबी टाका, दोन्हीकडे चालतं. ४० जीबीची इमेज असेल तर अकरा डिस्क लागतील, ही तयारी ठेवा. (अकरा डिस्क बदलत बसायची हौस नसेल तर इमेजसाठी बाहेरची हार्ड डिस्क घ्या. माझं स्पष्ट मत तेच आहे.)

दुसरं म्हणजे, सॉफ्टवेअरला थेट डीव्हीडीवर लिहायला लावू नका. आधी तुकडे हार्ड डिस्कवर बनवा, मग इम्गबर्नसारख्या फुकट प्रोग्रॅमने एकेक बर्न करा. एखादी डिस्क खराब निघाली तर तेवढीच पुन्हा करायची, पहिल्यापासून सुरुवात नको. स्पीड कमी ठेवा, ४एक्स किंवा ८एक्स, आणि व्हेरिफायची खूण काढू नका. वेळ जातो, जाऊ द्या. "डिस्क रिकामी नाही" असा मेसेज येत असेल, तर ती डिस्क विंडोजने पेन ड्राइव्हसारखी वापरायला आधीच फॉरमॅट केलेली असू शकते. नवी कोरी घाला. यूएसबीवरचा रायटर मध्येच बंद पडत असेल तर हब काढून थेट कॉम्प्युटरला जोडा. बऱ्याचदा करंटच कमी पडतो.

सगळ्या डिस्क झाल्या की खरी परीक्षा. सगळे तुकडे डिस्कवरून एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा आणि इमेजिंग सॉफ्टवेअरमधूनच इमेज तपासा. रेस्क्यू डिस्क लावून कॉम्प्युटर एकदा सुरू करून बघा. तिला तुमची हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह दोन्ही दिसतायत ना, हे आजच कळायला हवं.

आणि हिशोबाचं काय? जीएसटीच्या नियमाने त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशोब जपून ठेवावे लागतात. तो डेटा इमेजच्या भरवशावर सोडू नका. टॅलीचा बॅकअप, बिलांच्या पीडीएफ, ग्राहकांची यादी, हे सगळं मिळून बहुतेक दुकानांत एका डीव्हीडीत मावतं. त्याच्या साध्या फायली दोन वेगवेगळ्या डिस्कवर घ्या. एक दुकानात, एक घरी. उन्हात नको, आणि वर बॉलपेनने तारीख घालू नका, डिस्कसाठीचा मार्कर मिळतो तो वापरा.

त्या दादांनी चौथी डिस्क दुसऱ्या तीन ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. तिसऱ्यात ती वाचली गेली. तुमची अडली तर हेही करून बघा, आणि वाचली की लगेच हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या.