शिडाच्या सफरीची आखणी : सेशेल्सविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे दीड हजार किलोमीटर पूर्वेला, हिंदी महासागरात विखुरलेला सेशेल्सचा द्वीपसमूह नकाशावर पाहून ज्या कोणाच्या मनात शिडाच्या नौकेने तेथे भ्रमण करण्याची आकांक्षा उत्पन्न होते, तो बहुधा पट्टी घेऊन बेटाबेटांतील अंतरे मोजू लागतो, त्यांना दिवसांच्या संख्येने भागतो आणि सफरीचा आराखडा सिद्ध झाला असे मानतो. पहिली चूक येथेच होते. शिडाच्या सफरीची आखणी आधी वाऱ्याच्या पंचांगावरून ठरते, मग दिवसाच्या उजेडावरून आणि त्यानंतर नांगर कोठे पकड घेईल यावरून. अंतराचा विचार या तिहींच्या मागून करावयाचा असतो.

वाऱ्याविषयीचा गैरसमज आपल्या मराठी माणसाच्या बाबतीत तर अगदी स्वाभाविक आहे. पावसाळा लागला की कोकणातील होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यावयाच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केल्यावाचून त्या पुन्हा पाण्यात लोटावयाच्या नाहीत, हा रिवाज आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की जून ते ऑगस्ट या महिन्यांत उष्ण कटिबंधातील कोणताही समुद्र बंदच असणार असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती अशी की, याच महिन्यांत सेशेल्समध्ये तुलनेने कोरडा आणि थंडावा असलेला ऋतू असतो. मे ते ऑक्टोबर या काळात तेथे आग्नेयेकडून एकसारखा वारा वाहतो. तोच वायुप्रवाह विषुववृत्त ओलांडून उत्तर गोलार्धात शिरला की पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतो आणि नैर्ऋत्य मोसमी वारा होऊन, अरबी समुद्रावरची वाफ घेऊन, आपल्या सह्याद्रीवर येऊन आदळतो. रत्नागिरीत ज्याच्या भयाने होड्या शाकारल्या जातात, त्याच वाऱ्याच्या पूर्वावस्थेवर सेशेल्सच्या माहे या सर्वांत मोठ्या बेटाजवळ लोक शिडे उभारतात, ही गोष्ट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे.

परंतु कोरडा ऋतू म्हणजे शांत ऋतू, हा त्यातून उद्भवणारा दुसरा भ्रमही टाळला पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये हा आग्नेय वारा ताशी वीस सागरी मैलांवरही जातो आणि नवख्या प्रवाशास त्याने उठणाऱ्या लाटा सुखाच्या वाटत नाहीत. उलट डिसेंबर ते मार्च या काळात वारा वायव्येचा असतो, पाऊस पुष्कळ पडतो, पण पावसाच्या सरींच्या मधले दिवस सौम्य आणि निरभ्र असू शकतात. एप्रिल व नोव्हेंबर हे संधिकालाचे महिने. त्यांत समुद्र काचेसारखा असतो, पाण्याखालचे सर्व काही स्वच्छ दिसते, मात्र वाऱ्याअभावी शिडे लोंबकळत राहतात आणि यंत्रावरच मदार ठेवावी लागते. शिडाच्या नौकेला इंधनाचा खर्च नसतो असे समजून अंदाजपत्रक करणाऱ्यांनी हे महिने विशेष लक्षात ठेवावेत. निसर्गाने एक सोय मात्र केली आहे : माहेहून प्रालँ हे दुसरे मोठे बेट ईशान्येस असल्यामुळे दोन्ही ऋतूंतील वारा नौकेच्या कुशीवर येतो, आणि शिडाच्या नौकेस वारा कुशीवर असण्यासारखे सुख नाही.

चक्रीवादळांविषयी दोन्ही टोकांचे समज आढळतात. उष्ण कटिबंध म्हटला की तुफान ठरलेलेच, असे काही जण मानतात. सेशेल्सला तुफानाचा स्पर्शच होत नाही, असे इतर काही जण सांगतात. वाऱ्याला चक्राकार गती देणारा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम विषुववृत्तापाशी अत्यंत क्षीण असतो, म्हणून सुमारे साडेचार अंश दक्षिण अक्षांशावरील माहे आणि त्याच्या आसपासची बेटे चक्रीवादळांच्या नित्याच्या मार्गाबाहेर पडतात, हे खरे. परंतु त्याच राष्ट्राच्या हद्दीतील, दहा अंशांजवळच्या फार्कूहार बेटाची एप्रिल 2016 मध्ये फँटाला नावाच्या चक्रीवादळाने दुर्दशा केली. आणि जानेवारी 2013 मध्ये दूरवर असलेल्या एका वादळाच्या प्रभावाने खुद्द माहेवर अतिवृष्टी होऊन पूर आले. तेव्हा रोजचा हवामानाचा अहवाल ऐकल्यावाचून नांगर उचलू नये.

'सेशेल्सभोवती फेरी मारून येऊ' असे जे सहज म्हटले जाते, त्यात भूगोलाचे अज्ञान आहे. या राष्ट्रात 115 बेटे असून त्यांची एकूण जमीन जेमतेम साडेचारशे चौरस किलोमीटर आहे. पण ज्या समुद्रावर त्याचा आर्थिक अंमल चालतो त्याचे क्षेत्र महाराष्ट्राच्या चौपटीहून अधिक आहे. आल्डाब्रा हे जगप्रसिद्ध प्रवाळकंकण माहेपासून अकराशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. आठवड्याभरासाठी भाड्याच्या नौकेतून जाणाऱ्याचा मुलूख म्हणजे माहे, प्रालँ, ला डीग आणि त्यांच्या जवळची लहान बेटे एवढाच. माहेहून प्रालँ सुमारे पंचवीस सागरी मैल, म्हणजे मध्यम वाऱ्यात पाच तासांचा प्रवास; पुढे ला डीग आणि क्युरियूझ ही तर प्रालँच्या अंगणातलीच.

ही आतली बेटे प्रवाळाची किंवा ज्वालामुखीची असावीत, असाही एक समज आहे. ती ग्रॅनाइटची आहेत. तो खडक सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षांचा असून मूळच्या गोंडवन खंडाचा अवशेष आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ज्या काळात आपल्या दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर साचत होते त्याच भूवैज्ञानिक कालखंडात, हा तुकडा भारतभूमीपासून विलग झाला. नाविकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, किनाऱ्यावर दिसणाऱ्या त्या भव्य, गोलाकार शिळा पाण्याखालीही तशाच पसरलेल्या असतात आणि त्यांच्या सभोवती प्रवाळाचे पट्टे असतात.

आणि म्हणूनच उजेडाचा प्रश्न इतका महत्त्वाचा ठरतो. दिशादर्शक यंत्र हाती आले की डोळ्यांचे काम संपले, हा आजचा सर्वांत घातक गैरसमज होय. यंत्र नौकेचे स्थान अचूक सांगते. समोरच्या प्रवाळाचे स्थान त्याच्या नकाशात तितकेच अचूक असेल याची हमी नसते. सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असताना प्रवाळ तपकिरी, वाळू फिकट हिरवी आणि खोल पाणी गडद निळे दिसते. तोच सूर्य समोर कलला की सगळा पृष्ठभाग चांदीच्या पत्र्यासारखा चकाकतो आणि खाली काय आहे ते कळेनासे होते. तेथे वर्षभर सहा-साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. यास्तव सकाळी आठपर्यंत निघून दुपारी तीनच्या आत मुक्कामाला पोहोचावे. नौका भाड्याने देणारे लोकही अंधारात प्रवास करण्यास सामान्यतः करारनाम्यातच मज्जाव करतात.

नांगर टाकणे म्हणजे तो पाण्यात सोडून देणे, एवढीच अनेकांची कल्पना असते. नौकेला धरून ठेवतो तो नांगराचा भार नव्हे. त्याचे फाळ वाळूत रुतले पाहिजेत, आणि ते रुतण्यासाठी साखळीची ओढ आडवी असावी लागते. म्हणून पाण्याची खोली आणि नाळेची उंची यांच्या बेरजेच्या निदान पाचपट साखळी सोडतात. भरतीने पाणी जवळजवळ दोन मीटरपर्यंत चढू शकते, हा हिशेबही त्यात धरावा लागतो. मुक्कामाची जागाही ऋतूप्रमाणे बदलते : प्रालँच्या वायव्य टोकावरील आन्स लाझिओ आग्नेय वाऱ्यात तळ्यासारखी शांत असते, पण जानेवारीत तेथे नौका रात्रभर हेलकावे खाते; तर ला डीगच्या ग्राँद आन्सवर जुलैत लाटा आणि प्रवाह इतके प्रबळ असतात की पोहणेही जिवावर बेतावे.

प्रवाळ म्हणजे दगड, त्यावर नांगर अडकला तर काय बिघडले, असे म्हणणारेही भेटतात. प्रवाळ सजीव आहे. 1998 साली समुद्र तापल्यामुळे या आतल्या बेटांभोवतीचे बहुतांश प्रवाळ मृत झाले आणि 2016 मध्ये पुन्हा मोठा आघात झाला. जे सावरत आहे, ते एका साखळीच्या फेऱ्याखाली एका रात्रीत चिरडले जाते.

बेटांवर उतरण्याविषयी दोन शब्द पुरेत. समुद्रकिनारे सार्वजनिक असले, तरी राखीव बेटांचे नियम निराळे आहेत. कुझँ हे पक्ष्यांचे अभयस्थान 1968 मध्ये संरक्षणासाठी विकत घेण्यात आले. तेथे स्वतःच्या होडीने उतरता येत नाही, रक्षकांच्या होडीतूनच जावे लागते. सागरी उद्यानांत शुल्क भरून त्याची पावती जवळ बाळगावी.

दर्याई नारळाविषयीचा पुरातन समज मात्र आपल्याशी निगडित आहे. लाटांबरोबर मालदीव आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवर वाहत येणारी ही जोडफळे समुद्रतळाशी वाढणाऱ्या वृक्षाची असावीत, असे शतकानुशतके मानले गेले. आपल्याकडील साधू-फकिरांची कित्येक भिक्षापात्रे त्यांच्याच करवंटीची होत. 1768 मध्ये प्रालँवर फ्रेंचांना त्याचा वृक्ष आढळला आणि कोडे सुटले. ताजे फळ पाण्यात बुडते. तरंगते ते आतून पोकळ झालेले, न रुजणारे. हा माड निसर्गतः प्रालँ व क्युरियूझ या दोनच बेटांवर वाढतो आणि त्याचे फळ सरकारी दाखल्याखेरीज देशाबाहेर नेता येत नाही. प्रालँवरील 'व्हाले द मे' हे त्याचे अरण्य 1983 पासून जागतिक वारसा आहे. सफरीतला एक संपूर्ण दिवस त्यासाठी राखून ठेवावा.

नौका चालविता येत नसेल तर ही सफर अशक्य, हा समज निराधार आहे. तांडेलासह नौका भाड्याने मिळते. स्वतः सुकाणू धरणाऱ्याकडे मात्र प्रमाणपत्र किंवा अनुभवाचा पुरावा मागतात, आणि तो मागणे योग्यच आहे. प्रथम जाणाऱ्याने मेचा उत्तरार्ध किंवा ऑक्टोबर निवडावा, सात दिवसांत चारच बेटे घ्यावीत, आणि नांगर टाकण्यापूर्वी खाली वाळू आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.