तांबड्या रश्श्याला पांढरी वाईन

कोल्हापुरात वाईनची बाटली घरी येते ती बहुधा थर्टी फर्स्टला, आणि येते ती लाल. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: मटणाबरोबर लाल, माशाबरोबर पांढरी. हा नियम युरोपातला. तिथल्या मटणात मीठ, मिरी, लोणी आणि फार तर एखादी सुगंधी पानांची काडी. आपल्या मटणात कांदा-लसणाची चटणी असते, संकेश्वरी मिरची असते, आणि रश्श्यावर बोटभर लाल तवंग असतो. पदार्थ बदलला की त्याच्यासाठी केलेला नियम आपोआप लागू राहत नाही. माझं म्हणणं इतकंच, की कोल्हापुरी जेवणाला महाराष्ट्रातच झालेली, हजार रुपयांच्या आतबाहेरची, थोडी गोडसर पांढरी वाईन शोभते, आणि ती खिशाकडे बघून केलेली तडजोड नव्हे. दुप्पट पैसे खर्चायची तयारी असली तरी या ताटाशेजारी तीच ठेवावी. फेसाळत्या वाईनचीही जागा आहे, पण ती जपून ठरवावी लागते.

आधी मिरचीचं बघू. तिखट ही चव नाही, ती भाजल्याची जाणीव आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला जाऊन चिकटतं, तोच ग्राहक एरवी चटका बसल्याची बातमी मेंदूला देतो. 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो ओळखला आणि 2021 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा ग्राहक साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर जागा होतो. इटलीतल्या संशोधकांनी 2002 साली दाखवलं की अल्कोहोलच्या सान्निध्यात ही मर्यादा 34 अंशांच्या आसपास उतरते. म्हणजे तोंडाची नेहमीची ऊबसुद्धा चटका वाटू लागते. आता त्यावर वाफाळता रस्सा, त्यात मिरची, आणि सोबत साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोलची, खोलीच्या तापमानाला ओतलेली लाल वाईन. शिवाय लाल वाईन द्राक्षाच्या सालीसकट आंबवतात, म्हणून तिच्यात टॅनिनचा तुरटपणा असतो. आधीच पोळलेल्या तोंडाला तो कोरडं पाडतो. मग पाहुणे म्हणतात की वाईन कडू आहे, यजमानांना वाटतं की बाटलीच वाईट निघाली. बाटली बरी असते, जोडी चुकलेली असते.

पांढऱ्या वाईनमध्ये यातलं बरंच उलटं घडतं. साल आधीच बाजूला काढलेली असल्याने तुरटपणा नावापुरता. अल्कोहोल बरेचदा एक-दीड टक्क्याने कमी. ती थंड प्यायची, आणि थंडपणा त्याच चटक्याच्या ग्राहकाला शांत करतो. तिचा आंबटपणा मटणाची चरबी कापतो. रश्श्यात लिंबू पिळताना आपण तेच करत असतो. राहता राहिली साखर. थोडी साखर तिखटाची धार बोथट करते, आणि नेमकं इथेच शेनिन ब्लाँ हे द्राक्ष कामाला येतं. मूळचं ते फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं, पण नाशिकच्या मातीत इतकं रुळलं की आज महाराष्ट्रातल्या बहुतेक वाइनऱ्या त्याची वाईन करतात, आणि पुष्कळदा किंचित गोडसर ठेवून करतात. ‘गोड वाईन म्हणजे नवशिक्यांची’ असं नाक मुरडणारे जाणकार गावोगावी भेटतात. त्यांनी आकडे बघावेत. अशा वाईनमध्ये लिटरमागे दहा-पंधरा ग्रॅम साखर असली, तर दीडशे मिलीच्या पेल्यात ती अर्ध्या चमच्याच्या आसपास भरते. कोल्ड्रिंकमध्ये लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास असते. जर्मन रीसलिंगच्या नामांकित बाटल्यांत याहून कितीतरी जास्त साखर असते आणि तिला कोणी नवशिकी म्हणत नाही. तिखटासोबत ही साखर जिभेला जाणवतही नाही, ती मिरचीशी हिशेब करण्यात खर्ची पडते. सॉव्हिन्यों ब्लाँ मात्र कोरडी आणि धारदार असते. ती कोळंबीला, सोलकढीच्या ताटाला, नुसत्या काकडी-टोमॅटोला छान. तांबड्या रश्श्यापुढे ती जरा एकटी पडते.

फेसाळत्या वाईनबद्दल मात्र सावध राहावं, कारण इथे लोकप्रिय सल्ला अर्धाच खरा आहे. ‘बुडबुडे तिखट धुऊन काढतात’ असं सर्रास सांगितलं जातं. पण तोंडात जाणवणारा बुडबुड्यांचा डंख हा विरघळलेल्या कर्बवायूपासून होणाऱ्या आम्लाचा असतो, आणि तो वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंनाच टोचतो. भुरका मारल्यावर लगेच सोडा प्यायलेल्या कोणालाही हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. म्हणून झणझणीत रश्श्याबरोबर फेसाळती वाईन मी सुचवणार नाही. तिची खरी जागा जेवणाआधीची आणि तळणाशेजारची. आषाढात ‘आखाड तळतात’ तेव्हाच्या तिखट-मिठाच्या पुऱ्या, कांदाभजी, भडंग, तळलेला मासा यांच्यात तेल आणि मीठ भरपूर, मिरची बेताची. तिथे बुडबुडे आणि आंबटपणा तेलकटपणा कापतात आणि पुढचा घास पुन्हा ताजा लागतो. दुसरी जागा, जी फारशी कोणाला सुचत नाही, ती पांढऱ्या रश्श्याची. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू: हे सगळं मऊ आणि स्निग्ध. त्याच्या शेजारी कोरडी फेसाळती वाईन जितकी चांगली लागते तितकी दुसरी कुठलीच नाही, असं माझं ठाम मत आहे. एकाच ताटातल्या दोन वाट्यांना दोन वेगळ्या वाईन लागतात, याला इलाज नाही. दोन्ही परवडत नसतील तर गोडसर शेनिन घ्यावी, ती पांढऱ्या रश्श्यालाही निभावून नेते.

स्वस्त म्हणजे हलकी, ही शंका लाल वाईनच्या बाबतीत बरीच खरी आहे. चांगल्या लाल वाईनला लाकडी पिंपं लागतात, ती महाग असतात, आणि वेळ लागतो, जो त्याहून महाग. पांढऱ्या वाईनला पोलादी टाकी आणि नीट गारवा लागतो, आणि काही महिन्यांत ती बाटलीत जाते. म्हणून कमी किमतीत उत्पादकाला प्रामाणिक पांढरी वाईन करता येते. हवामानही तिच्याच बाजूने आहे. आपल्या उन्हात द्राक्षात साखर भराभर चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. लाल द्राक्ष साल नीट पिकेपर्यंत वेलीवर ठेवावं लागतं. पांढरं, विशेषतः फेसाळत्या वाईनचं, आंबटपणा शाबूत असताना लवकर खुडता येतं. नारायणगावला शामराव चौगुले यांच्या शातो इंडाजने 1980च्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्य घेऊन सुरुवात केली ती फेसाळत्या वाईननेच, आणि ‘ओमर खय्याम’ नावाने ती परदेशात विकली. ती कंपनी पुढे कर्जात बुडाली, पण द्राक्षाबद्दलचा तिचा अंदाज चुकला नव्हता. नाशिकला राजीव सामंतांच्या सुलाने 2000 साली बाजारात पहिलं पाऊल टाकलं तेही शेनिन आणि सॉव्हिन्यों ब्लाँ घेऊन. शँपेनचा व्यवसाय करणाऱ्या फ्रेंच समूहाने दिंडोरीला वाइनरी काढली आणि 2013 मध्ये ‘शाँदों’ आणली. आपल्याला जवळचं म्हणाल तर अकलूजचं फ्रातेल्ली. सांगली जिल्हा तर द्राक्षाचा. पण तासगाव-मिरजेचं द्राक्ष खाण्याचं आणि बेदाण्याचं, आणि पलूसच्या वाईन पार्कने विंचूरइतकं बाळसं धरलं नाही.

‘त्यापेक्षा तेवढ्याच पैशात परदेशी का घेऊ नये?’ या प्रश्नाला हिशेबानेच उत्तर द्यावं. परदेशी वाईनवर भारतात कित्येक वर्षं 150 टक्के सीमाशुल्क होतं. बंदरात अडीचशे रुपयांना पडलेली बाटली शुल्कानंतर सव्वासहाशेची होते. त्यावर राज्याचे कर, आयातदार, घाऊक व्यापारी, दुकानदार. म्हणजे इथे हजार-बाराशेला मिळणारी परदेशी बाटली तिच्या देशात अगदी तळाच्या फळीवरची असते. डिसेंबर 2022 पासून लागू झालेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात शुल्क उतरलं, तेही 5 डॉलरच्या वरच्या बाटल्यांवरच. उलट महाराष्ट्राने 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून इथल्या द्राक्षाच्या वाईनला करात मोठी सवलत दिली आहे. 20 टक्के मूल्यवर्धित करातले 16 टक्के उत्पादकाला परत मिळतात. हजार रुपयांच्या देशी बाटलीत त्यामुळे वाईनचा वाटा जास्त आणि कराचा कमी. राहिला गोव्याहून आणायचा मार्ग, जो कोल्हापूरकरांना तोंडपाठ आहे. फक्त गोव्यात विक्रीसाठी असलेली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, आणि समजा नाक्यावर कोणी अडवलं नाही तरी मे महिन्यात आंबोलीचा घाट चढेपर्यंत गाडीच्या डिकीत पांढरी वाईन शिजून निघालेली असते.

कोणत्या प्रसंगाला काय, हे ठरवताना एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे, ती म्हणजे आपल्या द्राक्षांचं वेळापत्रक. युरोपात काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरला होते. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी, आणि काढणी जानेवारी ते मार्च. त्यामुळे फेब्रुवारीत खुडलेल्या द्राक्षाची साधी पांढरी वाईन त्याच वर्षी आखाडात किंवा दिवाळीत टेबलावर येऊ शकते. स्वस्त पांढरी वाईन ताजेपणावरच जगते. बाटलीवरचं साल दोन वर्षांहून जुनं असेल तर दुकानदाराने कितीही सूट दिली तरी सोडून द्यावी. आषाढ हा कोल्हापूरचा खरा जेवणावळींचा महिना. मंगळवारी-शुक्रवारी त्र्यंबोलीच्या यात्रेला पी-ढबाकच्या तालावर गल्ल्या निघतात, घरोघरी वशाट शिजतं, आणि हवा दमट पण गार असते. त्या जेवणाला शेनिन. पुढे श्रावण, मग गणपती. तेव्हा बहुतेक घरांत हा विषयच नसतो आणि नसावा. खंडेनवमीला, दिवाळीनंतर भावकी जमते तेव्हा, पन्हाळ्यावरच्या डिसेंबरातल्या चुलीवरच्या जेवणाला पुन्हा तीच. फेसाळती वाईन थर्टी फर्स्टच्या बाराच्या ठोक्याला उघडण्याचा रिवाज मला व्यर्थ वाटतो. तोवर मटण पोटात गेलेलं असतं आणि चव घ्यायला कोणी शुद्धीत नसतं. ती आठ वाजता, भडंगाबरोबर उघडावी.

या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही: मुळात प्यायचीच कशाला? याच शहरात रात्री कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दूध देतात, आणि मिरचीवर दुधासारखा उतारा नाही. दुधातलं केसीन कॅप्सेसिनला पकडून धुऊन नेतं, वाईनला ते जमत नाही. वाईन आग विझवते असा माझा दावाही नाही. योग्य वाईन त्यात तेल ओतत नाही, एवढाच. अंधश्रद्धा निर्मूलन समितीची ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ ही वर्षअखेरची मोहीम आरोग्याच्या अंगाने बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं की अल्कोहोलचं निर्धोक असं कुठलंच प्रमाण नाही, आणि वाईन त्याला अपवाद नाही. म्हणून न पिणाऱ्याने या लेखामुळे सुरू करू नये. पण जो वर्षातून चार वेळा घेणारच आहे, त्याच्यासाठी जोडी जुळवणं म्हणजे कमी पिणंही असतं. बाटलीत पाच पेले, चौघा-पाचजणांत एक बाटली, जेवणासोबत, सावकाश. हे क्वार्टरच्या हिशेबापेक्षा निराळं आहे. गाडी चालवणाऱ्याने तेवढंही घेऊ नये. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आणि ती एका-दोन पेल्यांत गाठता येते.

खरेदीला गेल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा जानेवारी 2022 चा मंत्रिमंडळाचा निर्णय विरोधामुळे अमलात आला नाही, त्यामुळे आपली भिस्त नेहमीच्या दुकानावर, जिथे व्हिस्की-बिअरचा खप मोठा आणि वाईनचा कोपरा लहान. काचेत उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नये, आतली मागावी. फिरकीच्या झाकणाला कमी लेखू नये. स्वस्त पांढऱ्या वाईनला ते बुचापेक्षा जास्त जपतं. आणि फेसाळती घेताना ‘ब्रूट’ म्हणजे कोरडी, लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर, तर ‘एक्स्ट्रा ड्राय’ नावाची तिच्याहून गोड असते, 12 ते 17 ग्रॅम. नावावर जाऊ नये. घरी आणल्यावर पांढरी आठ-दहा अंशांवर, फेसाळती सहा-आठवर हवी. फ्रीजमध्ये तीन-चार तास, किंवा बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून वीस मिनिटं. नुसत्या बर्फाने बाटली गार व्हायला वेळ लागतो, कारण खड्यांच्या मधल्या हवेतून गारवा नीट पोचत नाही. शँपेनच्या रीतीने केलेल्या फेसाळत्या बाटलीत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, मोटारीच्या चाकाच्या दुपटीहून जास्त. ती कोमट असताना आणि हलवून उघडली की बूच कोणाच्या तरी डोळ्याकडे जातं आणि निम्मी वाईन छताला. तार सोडवल्यापासून बुचावरचा अंगठा काढायचा नाही, बाटली तिरकी धरायची, आणि बूच न फिरवता बाटली फिरवायची.